अर्धपुतळ्याला पाय नसतात: कॅन्टनच्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममधला एक रविवार

आधीच सांगते, मला अमेरिकन फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. मला गुडघे कळतात. क्लीव्हलँडजवळच्या एका हाडांच्या दवाखान्यात बारा वर्षं एक्स-रे काढतेय, त्यामुळे माणूस दारातून चालत आला की चेहऱ्याआधी माझी नजर त्याच्या चालीकडे जाते. आमचा ईशान अकरावीत आहे. शाळेच्या टीममध्ये लेफ्ट गार्ड खेळतो, म्हणजे चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांच्या पुढच्या फळीत, समोरच्यांना अडवायला. उंची सहा फूट दोन इंच, वजन २६५ पौंड. माझ्या किंवा मंगेशच्या घराण्यात एवढा माणूस आजवर झालेला नाही.

तीन सीझन शुक्रवारी रात्री थंडीत बाकावर बसून मी एकच गोष्ट शिकले. ऑफेन्सिव्ह लाइनमनच्या (याच फळीतले पाच जण: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल) आईने लाउडस्पीकरवर मुलाचा नंबर ऐकू येऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवावेत. नंबर आला म्हणजे होल्डिंग, समोरच्याला धरून ठेवलं, टीम दहा यार्ड मागे. नाहीतर फॉल्स स्टार्ट, खेळ सुरू व्हायच्या आधीच हलला, पाच यार्ड. चांगलं खेळला तर कोणी नावही काढत नाही. गेल्या वर्षी मॉलमधल्या एका मोठ्या स्पोर्ट्सच्या दुकानात आम्ही क्लीव्हलँडच्याच ब्राऊन्स टीमचा लाइनमन जो थॉमस याची ७३ नंबरची जर्सी शोधत होतो, तर काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "कोण?" क्लीव्हलँडमध्ये! त्याच दिवशी मंगेश म्हणाला, चला, याला कॅन्टनला नेऊन आणू, थोर फुटबॉलपटूंचं संग्रहालय, हॉल ऑफ फेम, तिथे आहे.

आमच्याकडून आय-७७ ने दक्षिणेला तासभर. हायवेवरूनच ते फुटबॉलच्या टोकासारखं छप्पर दिसतं. कॅन्टनच का, हा प्रश्न मला पडला होता, त्याचं उत्तर आत गेल्या गेल्या मिळतं. १९२० च्या सप्टेंबरमध्ये इथल्या राल्फ हे नावाच्या माणसाच्या मोटारींच्या शोरूममध्ये काही टीमचे मालक जमले, आणि आज ज्याला एनएफएल म्हणतात ती लीग तिथे सुरू झाली. खुर्च्या पुरेनात म्हणून माणसं गाड्यांच्या फूटबोर्डवर बसली होती म्हणे. लीगचा पहिला अध्यक्ष जिम थॉर्प, त्याचा ब्राँझचा पुतळा पुढेच उभा आहे. त्याला मात्र पाय आहेत, आणि पळतानाचे आहेत. तेव्हा याचं काही वाटलं नाही. नंतर वाटलं.

खालची दालनं मी भराभर पाहिली. जुनी चामड्याची हेल्मेटं, सुपर बोलच्या (लीगच्या अंतिम सामन्याच्या) अंगठ्या, ट्रॉफी. मंगेश अंगठ्यांपाशी रेंगाळला. ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांचा अर्धा दिवस तिथेच जाईल, जाऊ द्या. आमचा जीव अडकला तो अर्धपुतळ्यांच्या दालनात.

हे दालन मुद्दाम अंधारं ठेवलंय. ब्राँझची डोकी ओळीने, वर्षाप्रमाणे, प्रत्येकावर आपापला दिवा. १९६३ साली सतरा जणांपासून सुरुवात झाली. सगळे पुतळे जवळपास एकाच मापाचे. म्हणजे ज्याने शेकडो टचडाऊन फेकले तो क्वार्टरबॅक आणि ज्याने आयुष्यात चेंडूला हात लावला नाही तो टॅकल शेजारी-शेजारी, एकाच उंचीवर. मैदानात हे कधी घडत नाही. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, आणि लाइनमनचं काम चेंडू निघून गेला की संपलेलं असतं.

पहिल्या अर्ध्या तासात आम्ही नुसते भटकत होतो. मग तिथले एक वयस्कर स्वयंसेवक ईशानकडे बघून हसले. खांद्यांच्या रुंदीवरूनच ओळखलं असणार.
"टॅकल?"
"गार्ड."
"डावा की उजवा?"
"डावा."
ते आम्हाला सरळ जीन अपशॉकडे घेऊन गेले. डावा गार्ड, १९६७ ते १९८१, सगळी कारकीर्द रेडर्समध्ये. पण त्यांना सांगायचं होतं ते निराळंच. हाच माणूस पुढे खेळाडूंच्या युनियनचा प्रमुख झाला आणि २००८ मध्ये मरेपर्यंत त्या खुर्चीत होता. १९८७ चा संप त्याच्याच काळातला. १९९३ पासून खेळाडूंना करार संपला की हव्या त्या टीमशी बोलायची मोकळीक मिळाली, तीही. "आज गार्डला जे लाखो डॉलर मिळतात ना," ते ईशानला म्हणाले, "त्यातला एक घास याचा." ईशानने मान डोलावली, पण तो अपशॉचा जबडा बघत होता. मी मनात म्हटलं, जाऊ दे, सोळा वर्षांचा आहे.

मग त्यांनी जिम पार्कर दाखवला. ओहायो स्टेटमधून आलेला, बाल्टिमोर कोल्ट्समध्ये जॉनी युनायटसला सांभाळणारा. १९७३ साली तो हॉलमध्ये आला आणि निव्वळ ऑफेन्सिव्ह लाइनमन म्हणून इथे पोचलेला तो पहिला. त्याच्याआधीचे लाइनमन दोन्ही बाजूंनी खेळलेले. म्हणजे हॉल उघडल्यावर दहा वर्षांनी कोणाला तरी वाटलं, नुसतं अडवणं हीसुद्धा कला आहे. पार्करच्या काळात हात पसरून, पंजे उघडे ठेवून अडवायला परवानगीच नव्हती, मुठी छातीशी धरून खांद्याने रेटायचं. तो नियम १९७८ ला सैल झाला. ईशानने लगेच तिथेच मुठी छातीशी आणून मला ढकलून बघितलं. "आई, अशाने मी कोणालाच थांबवू शकणार नाही." मी दोन पावलं मागे गेले होते, पण ते त्याच्या हिशेबात नव्हतं.

अँथनी मुन्योझ, सिनसिनाटीचा डावा टॅकल, सलग अकरा प्रो बोल (लीगमधल्या निवडक खेळाडूंचा सामना). कॉलेजात गुडघ्याची इतकी ऑपरेशनं झालेली की काही टीम त्याला घ्यायला कचरत होत्या. सिनसिनाटीच्या बेंगल्स टीमने १९८० च्या ड्राफ्टमध्ये (टीम कॉलेजचे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो) तिसऱ्या नंबरवर घेतला. टॅकल असून कारकिर्दीत चार टचडाऊन पकडलेत, हे ऐकून ईशानचे डोळे चमकले. (कोचला सांगायला जाऊ नकोस, असं मी बजावलं.) ब्रूस मॅथ्यूज, १९ सीझन, २९६ सामने, लाइनवरच्या पाचही जागा खेळलेला. लॅरी ॲलन, बेंचप्रेसवर ७०० पौंड उचलणारा. आणि या सगळ्यांची ओळख काय, तर मान आणि चेहरा.

तक्रार म्हणा हवं तर, पण ती हॉलची नाही, अर्धपुतळा या प्रकाराचीच आहे. लाइनमन हे पाय असतात. स्नॅपच्या क्षणी, म्हणजे सेंटर चेंडू मागे देऊन खेळ सुरू करतो तेव्हा, मागचं पाऊल किती इंच जातं, वजन टाचेवर पडतं की पंज्यावर, घोटा आत वळतो का, सगळं तिथे ठरतं. ईशानचे कोच उन्हाळाभर त्याच्याकडून तीच तीन पावलं काढून घेत होते, हात पाठीमागे बांधून. पुतळ्यात ते काहीच येत नाही. भुवया मात्र फार छान आल्यात.

मग जिम ओटोपाशी थांबले आणि माझं हसू गेलं. रेडर्सचा सेंटर, जर्सीवर ०० नंबर, नावाशी जुळणारा म्हणून मुद्दाम घेतलेला. पंधरा सीझन, नियमित सीझनचा एकही सामना न चुकवता सलग २१०. पुतळ्यात नुसता राकट चेहरा आहे. पण नंतर त्याच्या शरीरावर ७० हून जास्त ऑपरेशनं झाली, गुडघ्याचे सांधे पुन्हा-पुन्हा बदलले, आणि २००७ मध्ये उजवा पाय कापावा लागला. २०२४ ला तो गेला. एकदा बदललेला सांधा सैल झाला की एक्स-रेवर हाडाभोवती काळी कड दिसते, मी ती दर आठवड्याला बघते. या माणसाच्या फिल्मा कशा दिसत असतील ते मला डोळे मिटूनही दिसलं.

त्याहून जास्त वेळ मी माइक वेबस्टरसमोर उभी राहिले. पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर, चार सुपर बोल जिंकलेला, एकूण सतरा सीझन. १९९७ मध्ये इथे आला. २००२ मध्ये वयाच्या पन्नाशीत गेला, आणि पिट्सबर्गमध्येच डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला. सीटीई, म्हणजे डोकं वारंवार आपटून मेंदूला होणारा आजार, हा शब्द फुटबॉलच्या घराघरांत पोचला तो तिथून. सेंटर आणि समोरचा माणूस यांची डोकी प्रत्येक स्नॅपला आपटतात. मोठी धडक नसते ती, छोटी-छोटी असते, हजारो वेळा. आणि ते नुकसान माझ्या मशीनवर दिसत नाही, एमआरआयवरही खात्रीने सांगता येत नाही, माणूस गेल्यावरच कळतं. आता बघा, बाकी सगळ्यांच्या बाबतीत मी म्हणत होते की नुसतं डोकं काय दाखवता. इथे डोकंच होतं.

ईशान शेजारी येऊन उभा राहिला. त्याला वेबस्टरची गोष्ट ठाऊक आहे, सीझनच्या सुरुवातीला डोक्याच्या दुखापतींबद्दलच्या कागदावर आम्ही दोघं सह्या करतो. तो काही बोलला नाही, मीही नाही. हॉल लहान मुलांना दाखवणार असाल तर हे जरूर सांगा, भिंतीवरच्या ओळींपेक्षा घरच्यांनी सांगितलेलं वेगळं असतं.

थॉमस शेवटी ठेवला होता, मिठाईसारखा. २००७ च्या ड्राफ्टच्या दिवशी न्यूयॉर्कला झगमगाटात जायचं सोडून वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासे पकडत बसलेला. ब्राऊन्सनी तिसऱ्या नंबरवर घेतला. त्यानंतर सलग १०,३६३ स्नॅप. एकही चुकवला नाही. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रायसेप्स फाटला तेव्हा मोजणी थांबली. त्या काळात मागचे क्वार्टरबॅक डझनाहून जास्त बदलले, प्लेऑफचा एकही सामना नशिबी आला नाही, आणि त्याच्या शेवटच्या सीझनला टीम सोळाच्या सोळा सामने हरली. तरी २०२३ मध्ये, पहिल्याच संधीला, इथे. निवृत्तीनंतर त्याने ५० पौंड उतरवले. खेळताना वजन टिकवायला भूक नसतानाही खावं लागायचं, असं तो सांगतो. रोज सकाळी आठ अंडी उकडणारी मी, मला ते पटकन समजलं.

ईशान त्याच्यासमोर वाकला, तीन बोटं गालिच्यावर टेकवली आणि डावं पाऊल मागे सरकवून पाहिलं. मघाचे स्वयंसेवक लांबून म्हणाले, "ढुंगण खाली!" दालनातली चार-पाच माणसं हसली.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. तिकीट आधी ऑनलाइन काढा. ऑगस्टमधला सोहळ्याचा आठवडा टाळा, हॉल ऑफ फेम गेम शेजारच्याच स्टेडियममध्ये असतो आणि कॅन्टनला तेव्हा मुंगीला जागा नसते. चार तास धरा, पुतळ्यांसाठी त्यातले दोन. लाइनमन शोधायचे असतील तर यादी करून जा, कारण शोधल्याशिवाय ते सापडत नाहीत. आणि प्रो कारकिर्दीची स्वप्नं बघणारं मूल बरोबर असेल तर गाडीत एवढं सांगा: खेळाडू संघटनेच्या हिशेबाने सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांच्या आतच आटोपते. मी सांगितलं. ईशान म्हणाला, "ओटो पंधरा वर्षं खेळला." मी म्हटलं, "हो, आणि?" मग अक्रनपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

तारे द्यायचेच तर पाचपैकी पाच.

पुढच्या शुक्रवारच्या सामन्याचा व्हिडिओ मी काढला. मंगेशने घरी आल्यावर पाहिला, तर सगळ्यात नुसते ईशानचे, ६४ नंबरच्या जर्सीवाल्याचे, बूट. "अगं, टचडाऊन कुठाय?" नाहीये. पण तिसऱ्या क्वार्टरपासून ईशान उजव्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार टाकतोय, ते स्पष्ट दिसतं. त्याला दाखवलं. म्हणाला, "कोचही तेच म्हणाले." सोमवारी क्लिनिकला जाताना त्याला बरोबर घेऊन जातेय.