आरएक्स १००वर २४चा कार्ब्युरेटर: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

गाडी टू-स्ट्रोक यामाहा आरएक्स १००. माफक पोर्टिंग (सिलिंडरमधली हवा-पेट्रोल येण्याजाण्याची भोकं घासून मोठी करणं), एक्सपान्शन सायलेन्सर (मधे फुगीर असलेला), बाकी इंजिन मूळचं. मूळ २० एमएमचा कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग; एमएम हा त्याच्या भोकाचा व्यास) काढून २४ एमएमचा गोल स्लाइडचा (थ्रॉटल दिला की वर जाऊन भोक उघडणारा दट्ट्या) मिकुनी कंपनीचा व्हीएम बसवला. वापर रत्नागिरी, आरे-वारे, गणपतीपुळे, पावस आणि मधूनमधून आंबा घाट. हा साइज रस्त्यावरच्या अशा गाडीसाठी बरोबर आहे, आणि २८चा मोह टाळावा, हे या वापरानंतर ठामपणे सांगता येतं.

साइज आधी कागदावर काढावा. इंजिनची क्षमता लिटरमध्ये घ्या, ती ज्या आरपीएमला जास्तीत जास्त ताकद मिळते त्याने गुणा, वर्गमूळ काढा आणि त्याला ०.६५ ते ०.९ने गुणा. उत्तर एमएममध्ये येतं. आरएक्सचं ०.०९८ गुणिले ७,५०० म्हणजे ७३५, वर्गमूळ २७. म्हणजे १७.६ ते २४.४. कंपनीचा २० या पट्ट्याच्या मधोमध बसतो, २४ अगदी वरच्या टोकाला. पोर्टिंगमुळे ताकद ८,५००ला गेली असं धरलं तरी वरची मर्यादा २६च येते. २८ कुठेच बसत नाही.

एमएमचा फरक दिसायला लहान असतो, पण हवा क्षेत्रफळातून जाते. २०च्या तुलनेत २४चं क्षेत्रफळ ४४ टक्के जास्त, २८चं जवळजवळ दुप्पट. भोक मोठं झालं की कमी रेसला हवेचा वेग पडतो. वेग पडला की जेटवरची (पेट्रोल ज्यातून येतं त्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यावरची) ओढ कमी होते, पेट्रोल नीट उडत नाही आणि थेंबाथेंबाने येतं. आपल्याकडच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर गाडी बहुतेक वेळ ४,००० ते ६,००० आरपीएमवर आणि अर्ध्याहून कमी थ्रॉटलवर चालते. तिथेच २८ची गाडी आधी दचकते, मग एकदम ओढते. २४वर मात्र वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिला की गाडी लगेच उचलते. वरच्या रेसला २०पेक्षा मोकळी वाटते, खालचं पिकअप किंचित मऊ होतं. मायलेज कमी होतं, ते धरूनच चालावं.

जेटिंग, म्हणजे जेट आणि सुईची जुळवणी, कमी थ्रॉटलपासून वर करावं. इंजिन गरम असताना एअर स्क्रू फिरवून सर्वात चांगलं स्लो (थ्रॉटल न देता इंजिन चालणं) शोधा. व्हीएममध्ये हा स्क्रू हवेचा आहे, आत फिरवला की मिश्रण श्रीमंत होतं, म्हणजे त्यात पेट्रोल वाढतं. स्क्रू एका फेऱ्याच्या आत ठेवावा लागत असेल तर पायलट जेट (स्लोला पेट्रोल देणारा) मोठा हवा, अडीच फेऱ्यांपलीकडे जात असेल तर लहान. मग स्लाइडला लागलेली सुई: पाव ते पाऊण थ्रॉटल तिच्या ताब्यात असतो. क्लिप खालच्या खाचेत घातली की सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं. मेन जेट (पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल देणारा) शेवटी, आणि नेहमी मोठ्या नंबराकडून लहानाकडे. पूर्ण थ्रॉटलला गाडी घुरघुरत असेल तर एकेक नंबर उतरा. घुरघुर थांबली की थांबा, आणखी एक नंबर उतरून वेग शोधू नका. टू-स्ट्रोकमध्ये कोरड्या, म्हणजे पेट्रोल कमी असलेल्या मिश्रणाने पिस्टन पकडतो आणि सिलिंडर जातो. प्लगचा रंग बघताना टोक नको, पोर्सिलिनच्या मुळाशी असलेली कडी बघा.

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा हिशेब वेगळा धरावा लागतो. पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. त्यामुळे ई२०ला तेवढ्याच हवेत साधारण ८ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. जुन्या पेट्रोलवर १२० नंबरचा मेन जेट बरोबर बसत असेल तर आता १३०पासून सुरुवात करा. आंबा घाट चढताना मात्र जेट बदलायची गरज नाही. ६०० मीटर उंचीवर हवेची घनता सहाएक टक्के घटते, पण मिश्रणात फरक त्याच्या निम्माच पडतो.

बसवताना सगळ्यात मोठा धोका तेलपंपाच्या (इंजिनला टू-स्ट्रोक तेल देणाऱ्या पंपाच्या) केबलचा, आणि याकडे गॅरेजमध्येही दुर्लक्ष होतं. थ्रॉटलची केबल पुढे दोन होते: एक कार्ब्युरेटरला, एक पंपाला. २४ची स्लाइड जास्त उचलावी लागते, त्यामुळे पंपाची पुली आधीच शेवटाला टेकू शकते. मग स्लाइड पूर्ण उघडावी म्हणून कोणी पंपाची केबल सैल करतं, आणि खालच्या रेसला तेल कमी पडतं. पुलीवरची खूण जुळत नसेल तर पंप बंद करून लिटरभर पेट्रोलला २५ मिली तेल टाकीतच मिसळावं. मॅनिफोल्डही (कार्ब्युरेटर इंजिनला जोडणारी नळी) २४चाच घ्या. २०चं रबर ताणून चढवलं तर ते काही दिवसांत चिरतं. स्लो चालू असताना सांध्यावर कार्ब क्लीनर मारा. रेस बदलली तर तिथून हवा येतेय.

कोन फिल्टर (एअरबॉक्सशिवाय कार्ब्युरेटरला थेट लावायचा उघडा एअर फिल्टर) इथे लावूच नये. उन्हाळ्यात जांभ्याची लाल धूळ, पावसात पाण्याचा फवारा, दोन्ही सरळ आत जातात. मूळ एअरबॉक्स ठेवून मोठ्या तोंडाचं रबर वापरलं, आणि जेटिंगही त्यामुळे स्थिर राहिलं.

किनाऱ्यावरच्या दमट हवेत ई२० पाणी धरतं. गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून फ्लोटच्या वाटीतलं (कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीतलं) पेट्रोल ड्रेन स्क्रूने काढा. नाहीतर तळाशी पांढरट चिकटा जमतो आणि सगळ्यात आधी पायलट जेट बुजतो: गाडी चोकवर चालते, चोक काढला की बंद पडते. साफ करायला तार घालू नका, पितळ खरवडून भोक मोठं होतं. बारीक तंगूस (नायलॉनचा दोरा) घाला आणि वरून हवा मारा.

स्वस्त नकली कार्ब्युरेटर घेतलात तर जेटवरच्या नंबरांवर हा सगळा हिशेब चालणार नाही, कारण भोक नंबराप्रमाणे असेलच असं नाही. सुई आणि जेट तरी अस्सल टाका. आणि इंजिन पूर्ण मूळचं असेल, पोर्टिंग नसेल, तर २०च ठेवा. नवीन सुई, नवीन नीडल जेट (सुई ज्यात खाली-वर होते तो) आणि न झिजलेली स्लाइड एवढ्यावरच तो पुष्कळ सुधारतो.