व्हॅक्यूम पाकिटातले गोठवलेले उंदीर : कॉर्न स्नेक आणि बॉल पायथनवाल्यांसाठी परीक्षण

ब्रिटनमध्ये पाळीव सापांना खाऊ घालायचे गोठवलेले उंदीर सहसा दोन प्रकारे मिळतात. एक, सुटे गोठवून पिशवीत भरलेले. दुसरे, एकेक किंवा काही मिळून, पाकिटातली हवा काढून (व्हॅक्यूम करून) सीलबंद केलेले. हे परीक्षण दुसऱ्या प्रकाराचं. (भारतातल्या वाचकांनी लक्षात घ्यावं : नाग, धामण, आपला अजगर हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, घरी ठेवणं गुन्हा आहे. इथली चर्चा पैदाशीतून आलेल्या, परदेशात कायदेशीरपणे पाळलेल्या कॉर्न स्नेक (अमेरिकेतला बिनविषारी साप) आणि बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) यांची.)

आधी साइज. लेबलवर पिंकी (नुकतं जन्मलेलं, बिनकेसांचं पिल्लू), फझी (लव फुटलेलं), हॉपर (उड्या मारू लागलेलं), वीनर (आईचं दूध सुटलेलं), अ‍ॅडल्ट, जंबो अशी नावं असतात, पण एका विक्रेत्याचा हॉपर दुसऱ्याकडे वीनर निघतो. म्हणून नावावर न जाता ग्रॅम बघा. पिंकी साधारण १ ते ३ ग्रॅम, अ‍ॅडल्ट माऊस (लहान जातीचा पूर्ण वाढलेला उंदीर) २० ते ३० ग्रॅम. सापाच्या अंगाचा सर्वांत जाड भाग जेवढा, तेवढा किंवा त्याहून किंचित जाड उंदीर चालतो. कॉर्न स्नेकच्या पिल्लाला दर पाच-सात दिवसांनी एक पिंकी, मोठ्याला दहा ते चौदा दिवसांनी एक अ‍ॅडल्ट. ज्या पाकिटावर वजनच छापलेलं नाही, ते दुकानातच ठेवलेलं बरं.

व्हॅक्यूमचा खरा फायदा अ‍ॅडल्ट माऊस आणि रॅट (मोठ्या जातीचा उंदीर) यांच्या बाबतीत दिसतो. हवा नसल्यामुळे कातडी वाळत नाही. सुट्या पिशवीत काही महिन्यांनी शेपूट, कान आणि पाय पांढरट, चामड्यासारखे होतात. असा उंदीर वितळल्यावरही कडक राहतो आणि नखरेल बॉल पायथन त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. उणे १८ अंशांवर ठेवलेलं पाकीट सहा महिन्यांत संपवावं. चरबी खवट होणं आणि ‘ई’ जीवनसत्त्व घटणं फ्रीझरमध्येही चालूच राहतं, फक्त संथपणे.

पिंकीसाठी मात्र हे पॅकिंग साफ चुकीचं. पाच-सहा पिंकी एकमेकांना चिकटून एकच गोळा होतो. गोठलेल्या अवस्थेत सोडवायला गेलं की पातळ कातडी फाटते, आणि सगळा गोळा वितळवला तर एक खाऊ घालून बाकीचे टाकावे लागतात, कारण पुन्हा गोठवणं चालत नाही. पिंकी आणि फझी सुट्या पिशवीतलेच घ्या.

पाकीट हातात आल्यावर दोन गोष्टी तपासा. प्लास्टिक अंगाला घट्ट चिकटलेलं आहे का? सैल असेल तर सील गेलं आहे. आत लालसर बर्फाचा थर आहे का? असेल तर माल वाटेत एकदा वितळून परत गोठला आहे. फुगलेलं, हिरवट पोट दिसलं तर विचार न करता परत पाठवा.

आता वितळवणं. खराब मालाच्या म्हणून येणाऱ्या बऱ्याच तक्रारी खरं तर इथल्या चुकांमुळे असतात. पाकीट रात्री फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात, झाकणाच्या वेगळ्या डब्यात ठेवा. माऊस रात्रभरात वितळतो, मोठ्या रॅटला पूर्ण दिवस द्या. मग पोट आणि डोकं बोटाने दाबून बघा. आत खडा लागला तर अजून थांबा. थंड गाभ्याचा उंदीर गिळला की पचन रखडतं आणि साप दोन दिवसांनी तो ओकून टाकतो. तसं झालं तर पुढचे दहा ते चौदा दिवस काहीही देऊ नका, आणि नंतर नेहमीपेक्षा लहान उंदराने सुरुवात करा.

वितळलेला उंदीर पाकिटासकट ४५ अंशांच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा, मधे एकदा पाणी बदला. पाकीट शाबूत असलं की केस कोरडे राहतात, हे या मालाचं दुसरं मोठं सुख. ओल्या केसांना बेडिंगचा (पिंजऱ्यात अंथरलेला) भुसा चिकटतो आणि तो सापाच्या तोंडात जातो. उकळतं पाणी वापरलं तर बाहेरून कातडी शिजते, आत बर्फ तसाच राहतो आणि पोट फुटतं. मायक्रोवेव्हचं तर नावच काढू नका : एका जागी वाफ, दुसऱ्या जागी बर्फ, आणि वर स्वयंपाकघरभर वास.

बॉल पायथन ओठांवरच्या खाचांनी उष्णता टिपतो, त्यामुळे त्याच्यासाठी उंदराचं डोकं ३८ ते ४० अंश हवं. साधा इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो. पाकिटातून काढल्यावर किचन टॉवेलने टिपा, लांब चिमट्याने कमरेला धरा, डोकं सापाकडे करून हळू हलवा. तोंडावर आपटायचं नाही, साप बुजतो. संध्याकाळी दिवे मंद करून दिलं तर घेण्याची शक्यता वाढते. खाल्ल्यावर ४८ तास सापाला हात लावू नका.

गोठवल्याने साल्मोनेला (माणसांना जुलाब-उलट्या घडवणारे जंतू) मरत नाही, ही सूचना मात्र बऱ्याच पाकिटांवर बारीक अक्षरांत, मागच्या बाजूला असते. याच जंतूंमुळे ब्रिटनने फेब्रुवारी २०२२ मध्ये लिथुआनियातून येणाऱ्या अशा उंदरांची आयात थांबवली होती. म्हणून डबा, वाडगं, चिमटा सगळं वेगळं ठेवा, जेवणाच्या सिंकमध्ये धुऊ नका, नंतर हात साबणाने धुवा, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना या कामात घेऊ नका.

गुण द्यायचे तर रॅट आणि अ‍ॅडल्ट माऊसला पाचपैकी साडेचार, हॉपरला तीन, पिंकीला एक.

रात्रभर ठेवूनही सापाने घेतला नाही, तर तो उंदीर सकाळी दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. पुढचा प्रयत्न आठवड्याने, नव्या पाकिटाने.