वाचनपुस्तिका घरी छापताना: दहा महिन्यांचा अनुभव आणि एक वेलांटी

गेल्या आठवड्यात पहिलीच्या कोरकू वाचनपुस्तिकेच्या चाळीस प्रती छापून झाल्या आणि तिसऱ्या पानावर, शेपूट वर करून उभ्या असलेल्या कुत्र्याखाली, ‘सीता’ असे छापलेले दिसले. कोरकूत कुत्र्याला ‘सिता’ म्हणतात. मी पहिली वेलांटी देतो; स्पेस दाबताच फोनचा मराठी कीबोर्ड ती दुसरी करून टाकतो.

अमरावती जिल्ह्यातल्या धारणी तालुक्यातील आमच्या वर्गात बहुतेक मुलांच्या घरी कोरकूच बोलतात. 2011 च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक भाषक असलेली ही भाषा मराठीहून वेगळ्या अशा मुंडा कुळातली असल्याने मराठी गोष्ट शब्दाला शब्द लावून उतरवता येत नाही. तिच्यात संस्कृतसारखे द्विवचनही आहे. 2025 मध्ये आलेले ‘आदि वाणी’ हे सरकारी भाषांतर ॲप संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी यांपासून सुरू झाले, त्यामुळे आमचे काम हातानेच चालते. गावातल्या आजी गोष्ट सांगतात, मी ती फोनवर ध्वनिमुद्रित करतो आणि रात्री ऐकून टाइप करतो. स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावरची चित्रे श्रेय देऊन फुकट वापरता येतात, पण मोहाची फुले वेचायला निघालेली आमच्याकडची बाई मला हवी तशी मिळाली नाही. ती चौथीच्या मुलींनी काढून दिली, टोपलीसकट.

पुस्तिका ज्यावर छापतो त्या इंक-टँक (टाकीत शाई भरायच्या) प्रिंटरबद्दल मी जूनमध्ये सर्वांना ‘घेऊ नका’ असेच सांगत होतो. उन्हाळी सुट्टीत तो बंद राहिल्याने शाई सुकली, आणि सेवा केंद्राने यंत्र परतवाड्याला आणून द्यायला सांगितले. सेमाडोहच्या रस्त्याने मांडीवर प्रिंटर घेऊन एसटीत बसणे काय असते, ते त्यांना फोनवर समजावून सांगण्यात माझे रिचार्ज संपले. ते मत आता मागे घेतो. आठवड्याला एक रंगीत पान काढत राहिले की तो कुरकुरत नाही, आणि बाजारात एका रंगीत पानाला दहा रुपये मोजणाऱ्या माणसाला त्याचा राग फार दिवस धरता येत नाही.

कीबोर्डवरचा राग मात्र कायम आहे. ‘सिता’ हा शब्द वैयक्तिक शब्दकोशात घातल्यावर तो मुकाट्याने स्वीकारतो, पण हे मला चाळीस प्रती छापल्यानंतर कळले. नव्याने छापणे परवडणारे नव्हते, म्हणून अर्ध्या कागदावर चाळीस पट्ट्या छापून कात्रीने कापल्या. चिकटवण्याआधी एका मुलाला ते पान वाचायला दिले. त्याने कुत्र्याकडे पाहिले आणि न अडखळता ‘सिता’ असेच वाचले. पट्ट्या तरीही चिकटवल्या.