युद्धभूमीचा दौरा : गुप्त ठेवावा, शत्रूला कळवून करावा की जाहीर करावा?

युद्ध चालू असलेल्या प्रदेशात एखाद्या राष्ट्रप्रमुखाने किंवा मंत्र्याने जायचे ठरले की आयोजकांपुढे तीन पर्याय उरतात. दौरा पार पडेपर्यंत किंवा निदान पाहुणा पोहोचेपर्यंत त्याची कुठेही वाच्यता होऊ द्यायची नाही, हा पहिला. जनतेपासून लपवायचा, पण हल्ला करू शकणाऱ्या पक्षाला काही तास आधी कळवायचे, हा दुसरा. नेहमीच्या परदेश दौऱ्यासारखा आधीच जाहीर करायचा, हा तिसरा. पाहुणा जितका मोठा तितकी गुप्तता जास्त, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते ही निवड समोर हल्ला करणारा कोण आहे आणि त्याच्याशी आपले बोलणे चालू आहे की नाही, यावरून करावी.

गुप्ततेमागचे मूळ कारण दुसऱ्या महायुद्धातील एका घटनेत स्वच्छ दिसते. एप्रिल १९४३ मध्ये जपानच्या संयुक्त आरमाराचे सरसेनापती इसोरोकु यामामोतो सॉलोमन बेटांकडील तळांची पाहणी करण्यास निघणार होते, आणि त्या तळांना स्वागताची तयारी करता यावी म्हणून त्यांच्या प्रवासाच्या वेळा सांकेतिक संदेशाने आधी कळवण्यात आल्या. अमेरिकनांनी तो संदेश उलगडला आणि १८ एप्रिल रोजी त्यांच्या लढाऊ विमानांनी बूगनव्हिल बेटावर यामामोतोंचे विमान पाडले. माणूस युद्धक्षेत्रात आहे एवढे कळून शत्रूच्या हाती फारसे काही लागत नाही. तो अमुक वेळी अमुक ठिकाणी असणार, हे कळले की मात्र तयारीला सवड मिळते. आणि ही माहिती फुटली ती यजमानांना पाठवलेल्या सूचनेतून, कोणा हेराकडून नव्हे, हे आयोजकांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पहिल्या पर्यायाचा सर्वांत कडक नमुना म्हणजे २७ नोव्हेंबर २००३ रोजी जॉर्ज बुश यांनी बगदादला दिलेली भेट. त्याच्या पाचच दिवस आधी बगदादहून उडालेल्या एका मालवाहू विमानाला क्षेपणास्त्र लागले होते आणि ते कसेबसे परत उतरवावे लागले होते. त्यामुळे धोका कोणता आहे, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज उरली नव्हती. बुश टेक्सासमधील आपल्या घरून डोक्यावर साधी टोपी घालून, कोणतेही चिन्ह नसलेल्या गाडीतून बाहेर पडले. सोबतच्या पत्रकारांच्या मोबाइलमधील बॅटऱ्या काढून ठेवण्यात आल्या. विमान रात्रीच्या अंधारात दिवे मालवून उतरले. विमानतळाच्या आवारातील भोजनगृहात सुमारे ६०० सैनिकांबरोबर जेवून ते अडीच तासांच्या आसपास परत निघाले. बातमी वाटेत फुटली असती तर विमान मागे वळवण्याची तयारी होती. समोरचा शत्रू विखुरलेला होता, त्याला फोन करून काही सांगण्याची सोय नव्हती आणि राष्ट्राध्यक्षाला मारल्याने त्याचे काही बिघडणारही नव्हते. अशा ठिकाणी कानोकान खबर लागू न देणे हाच एकमेव मार्ग राहतो. त्याची किंमत अर्थातच मोठी आहे, कारण ज्या शहरासाठी युद्ध चालले होते त्या शहरात पाहुण्याने पाऊलही टाकले नाही.

शिवाय असे कवच काही तासांपुरतेच टिकते. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांना खराब हवामानामुळे अफगाणिस्तानातील बगराम तळावर रात्रभर थांबावे लागले, त्यांच्या भेटीची बातमी बाहेर पडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तळाच्या प्रवेशद्वारापाशी झालेल्या आत्मघाती स्फोटात वीसहून अधिक माणसे मारली गेली. चेनी सुखरूप राहिले. मेले ते फाटकावरचे लोक, ज्यांत अफगाण कामगारही होते. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री जेम्स मॅटिस काबूलला अघोषित भेटीसाठी उतरल्यानंतर काही तासांतच विमानतळावर रॉकेटे पडली. म्हणून गुप्त दौरा निवडायचा असेल तर मुक्काम टाळावा, आणि हवामान बिघडले तर काय, याचे उत्तर निघण्यापूर्वीच ठरलेले असावे. आता तर आकाशाकडे डोळे लावून बसणाऱ्या हौशी छायाचित्रकारांचाही हिशेब करावा लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये डोनाल्ड ट्रम्प इराककडे निघाले असताना त्यांचे विमान इंग्लंडवरून जाताना अशाच एकाने टिपले आणि बातमी षट्कर्णी होण्यास तेवढे पुरेसे ठरले.

दुसऱ्या पर्यायाचे उदाहरण २० फेब्रुवारी २०२३ चे आहे. बाहेरून पाहता जो बायडेन यांची कीव्ह भेट बुश यांच्या भेटीसारखीच होती : पहाटे निघालेले विमान, खाली ओढलेल्या खिडक्या, पत्रकार अवघे दोन आणि त्यांचेही फोन काढून घेतलेले. त्यांना पाठवलेल्या सूचनांच्या ईमेलचा विषय गोल्फ स्पर्धेचा होता, हा तपशील वाचून हसू येते, पण विषयाच्या ओळीवरून मजकूर ताडणारे लोक असतातच. पोलंडमधील प्शेमिश्लहून सुमारे दहा तासांचा रेल्वेप्रवास करून बायडेन कीव्हला पोहोचले आणि तिथे जवळपास पाच तास राहिले. इराकमध्ये अमेरिकेचे स्वतःचे सैन्य होते, आकाश तिच्या ताब्यात होते. युक्रेनमध्ये यांतले काहीही नव्हते. म्हणून अमेरिकेने काही तास आधी रशियाला भेटीची कल्पना दिली. ज्याच्याकडे क्षेपणास्त्रे आहेत त्यालाच सांगणे वरवर विचित्र वाटते, पण अण्वस्त्रधारी देशाच्या सरकारला अमेरिकी राष्ट्राध्यक्षावर चुकून बॉम्ब टाकणे परवडणारे नसते, आणि ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ असे म्हणायची वाट एकदा बंद केली की जबाबदारी त्याच्यावर जाते. झेलेन्स्की यांच्यासह बायडेन रस्त्यावरून चालत असताना हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला, परंतु त्या वेळी शहरावर काही पडले नाही.

तिसऱ्या पर्यायात भारताचे उदाहरण ठळक आहे. नरेंद्र मोदी यांच्या कीव्ह भेटीची माहिती परराष्ट्र मंत्रालयाने काही दिवस आधीच दिली होती. २१ ऑगस्ट २०२४ रोजी वॉर्सामध्ये त्यांनी कोल्हापूर स्मारकाला अभिवादन केले. महायुद्धात परागंदा झालेल्या पोलिश कुटुंबांना वळिवडे येथील छावणीत मिळालेल्या आसऱ्याची आठवण म्हणून ते उभे आहे. २३ ऑगस्टला ते त्याच रेल्वेमार्गाने कीव्हला पोहोचले. जुलैमध्येच ते मॉस्कोला जाऊन आले होते, त्यामुळे रशियाला वेगळे काही कळवण्याचीही फारशी गरज नव्हती. उघड दौऱ्यात बोलण्यांची तयारी नीट होते, सह्या करायचे करार आधी तयार ठेवता येतात, आणि लपून गेल्याचा शिक्का बसत नाही. मात्र दोन्ही बाजूंशी बोलणारा पाहुणा सुरक्षितच असतो, असे मानणे धोक्याचे ठरेल. एप्रिल २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँतोनियो गुतेरेस मॉस्कोहून कीव्हला आले असताना त्याच संध्याकाळी शहरावर क्षेपणास्त्रे पडली. जून २०२३ मध्ये आफ्रिकी नेत्यांचे शांतता शिष्टमंडळ तिथे असतानाही तेच घडले. पाहुण्यांना इजा झाली नाही, पण शहराला सूट मिळाली नाही.

यजमान आपल्या हातात नसतो, ही बाब तिन्ही पर्यायांत डोकेदुखीची आहे. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री आणि संरक्षणमंत्री एप्रिल २०२२ मध्ये कीव्हला येणार होते, तेव्हा वॉशिंग्टन गप्प असताना झेलेन्स्की यांनीच आदल्या दिवशी पत्रकार परिषदेत ते सांगून टाकले. यजमानाला पाहुणा येतो हे जगाला दाखवायचे असते, पाहुण्याच्या सुरक्षारक्षकांना नेमके तेच नको असते.

या चर्चेत सहसा न येणारी एक घटना आपल्याकडची आहे. १९ सप्टेंबर १९६५ रोजी, पाकिस्तानशी युद्ध चालू असताना, गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता लहान नागरी विमानाने कच्छच्या सीमाभागाकडे गेले आणि पाकिस्तानी लढाऊ विमानाने ते पाडले. विमानातील आठही जण मृत्युमुखी पडले. पाडणाऱ्या वैमानिकाने पुढे २०११ मध्ये मेहतांच्या वैमानिकाच्या मुलीला पत्र लिहून खेद व्यक्त केला. आत कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हते, ते टेहळणीचे विमान असावे असे समजून त्याला आदेश देण्यात आला होता. नियमित सैन्याशी गाठ असेल तर अनोळखी राहणे हाही धोकाच असतो. याउलट, गलवानच्या संघर्षानंतर ३ जुलै २०२० रोजी पंतप्रधान लडाखमधील निमूला पूर्वसूचना न देता गेले, तो दौरा आपल्याच ताब्यातील तळापुरता आणि थोड्या वेळाचा असल्याने पहिला पर्याय तिथे बिनधोक होता.

लोकशाहीतील खर्चही हिशेबात धरला पाहिजे. बायडेन वाटेवर असताना त्यांच्या कार्यालयाने प्रसृत केलेल्या वेळापत्रकात ते सोमवारी संध्याकाळी निघणार असे लिहिले होते. ठरलेली वेळ न सांगणे आणि खोटी वेळ छापणे यांत मला फरक वाटतो. पहिली गोष्ट समजून घेता येते, दुसरी फार क्वचित करावी. गुप्ततेचा सारा भर प्रवासावर दिला की इतर कागद गाफीलपणे हाताळले जातात, हेही दिसले आहे. मे २०१४ मध्ये बराक ओबामा अचानक बगरामला पोहोचले, आणि त्यांच्याच कार्यालयाने पत्रकारांना दिलेल्या उपस्थितांच्या यादीत काबूलमधील अमेरिकी गुप्तचर प्रमुखाचे नाव छापले गेले.

म्हणून ज्याला निवड करायची आहे त्याने आधी पाहावे की हल्ला करणाऱ्याला पत्ता आणि फोन आहे का. नसेल, तर पहिला पर्याय, तोही काही तासांपुरता. असेल आणि त्याच्याशी वैर असेल, तर दुसरा. असेल आणि बोलणे चालू असेल, तर तिसरा, मात्र गावाचे नाव आणि दिवस जाहीर करून गाडीची वेळ व रस्ता शेवटपर्यंत हातचे राखून. वृत्तपत्राच्या संपादकाकडे अशी बातमी आधी पोहोचली तर ती रोखण्याची मुदत पाहुणा धोक्याच्या टप्प्यातून बाहेर पडेपर्यंतचीच असावी. भाषणे चांगली झाली की नाही, हे ठरेपर्यंत ती लांबवण्याची विनंती आली, तर ती नाकारण्यास हरकत नाही.