वसईच्या संताला भेटायला नागासाकीत: निशिझाका टेकडीवरील २६ हुतात्म्यांचे संग्रहालय

नागासाकी रेल्वे स्थानकातून बाहेर पडून चढणीच्या रस्त्याने पाचएक मिनिटे चालले की निशिझाका टेकडीवरचे उद्यान लागते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी ज्या २६ ख्रिस्ती श्रद्धावंतांना याच टेकडीवर क्रूसावर मारण्यात आले, त्यांचे स्मारक आणि संग्रहालय तिथे आहे. त्या २६ जणांतला एक आमच्या वसईचा, संत गोन्सालो गार्सिया. लहानपणापासून ज्यांचे नाव मिस्सामध्ये, नोव्हेनामध्ये (नऊ दिवसांच्या प्रार्थनेत) आणि आजीच्या गोष्टींमध्ये ऐकले, ते प्रत्यक्षात कुठे उभे राहिले हे पाहण्यासाठीच मी जपानच्या सहलीला नाव नोंदवले होते.

ज्या प्रवास कंपनीबरोबर आम्ही गेलो, तिने या टेकडीसाठी वीस मिनिटे ठेवली होती. तेवढ्यात छायाचित्रे काढून होतात, पण संग्रहालयाचा उंबरठाही ओलांडता येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशीचा मोकळा वेळ खर्चून मी एकटीच परत गेले आणि साडेतीन तास थांबले. हे परीक्षण त्या दुसऱ्या भेटीचे आहे, आणि वसईहून कोणी जाणार असेल तर सहलीच्या वेळापत्रकावर विसंबू नये, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

आधी स्मारकाविषयी. या हुतात्म्यांना ८ जून १८६२ रोजी संतपद मिळाले, त्याच्या शताब्दीनिमित्त १९६२ साली हे सारे उभारले गेले. वास्तूची रचना केंजी इमाई यांची आणि कांस्यशिल्पे यासुताके फुनाकोशी यांची. लांबच लांब भिंतीवर २६ जण एका ओळीत उभे आहेत, पण त्यांचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत. बोटे खाली लोंबती आहेत, त्यामुळे ते हळूहळू वर उचलले जात असल्यासारखे वाटतात. शिल्पकाराने ना भाले दाखवले आहेत, ना जखमा. दुःखाचे दर्शन घेण्याच्या अपेक्षेने गेलेल्या माणसाला हे प्रथम थोडे कोरडे वाटू शकते, पण मला तो संयम फार योग्य वाटला, कारण ज्यांना मारले त्यांच्याकडे पाहायचे की मारणाऱ्यांच्या क्रौर्याकडे, हे तो आपल्यासाठी ठरवून टाकतो. ओळीत मध्येच दोन मूर्ती इतरांपेक्षा ठळकपणे बुटक्या आहेत. बारा वर्षांचा लुईस इबाराकी आणि तेरा वर्षांचा अंतोनियो. धर्म सोडलास तर जीव वाचेल, असे लुईसला सांगण्यात आले होते आणि त्याने ते नाकारले, असे वृत्तांत सांगतात.

आत जाण्यापूर्वी घटनाक्रम थोडा तरी माहीत असावा. संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून १५४९ मध्ये जपानला पोहोचले. पुढच्या चार दशकांत तिथे ख्रिस्ती समाज वाढला आणि १५८७ मध्ये सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने मिशनऱ्यांना देशाबाहेर जाण्याचा हुकूम काढला. तो काही वर्षे कागदावरच राहिला, परंतु १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागल्यानंतर संशय इतका भडकला की क्योतो आणि ओसाका येथे अटकसत्र सुरू झाले. पकडलेल्या २४ जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला, त्यांची शहरातून धिंड काढण्यात आली आणि ऐन थंडीत सुमारे ८०० किलोमीटरचा प्रवास घडवून त्यांना महिनाभराने नागासाकीत आणण्यात आले.

इथून पुढे मात्र मी इतिहासापेक्षा माणसांकडे अधिक पाहत राहिले. हुतात्मे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर धर्मगुरू येतात, पण या २६ जणांपैकी २० जपानी होते आणि त्यांतले बहुतेक साधे प्रापंचिक. कोणी वैद्य, कोणी रेशीम विणणारा, कोणी मिशनच्या घरातला स्वयंपाकी. शिपाई मातियास नावाच्या एका माणसाला शोधत आले, तो घरी नव्हता, तेव्हा शेजारचा दुसरा मातियास पुढे होऊन म्हणाला की माझेही नाव तेच आहे. वाटेत कैद्यांची सेवा करत मागोमाग चालणारे दोघे, त्यांपैकी एक सुतार, त्यांच्यातच धरले गेले आणि २४ चे २६ झाले. चौदा वर्षांच्या तोमास कोझाकीने वाटेवरून आईला पत्र लिहिले. वडीलही त्याच्याबरोबरच चालत होते, आणि ते पत्र पुढे त्या वडिलांच्या कपड्यांत सापडले. या कथांपाशी मी सर्वाधिक वेळ घालवला.

आणि आमचे गोन्सालो. सुमारे १५५७ मध्ये वसईत जन्मलेला, पोर्तुगीज बापाचा आणि इथल्याच आईचा मुलगा. येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाच्या मिशनऱ्यांबरोबर तो तरुणपणी जपानला गेला, जपानी भाषा शिकला, पुढे मकावमध्ये व्यापार केला, आणि शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात ब्रदर म्हणून दाखल झाला. तो धर्मगुरू कधीच झाला नाही. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषी म्हणून तो जपानला परतला आणि हिदेयोशीसमोर बोलण्याचे काम त्याच्याकडे आले. मला नेहमी वाटत आले आहे की आपल्याकडे गोन्सालोच्या मरणाविषयी पुष्कळ बोलले जाते आणि त्याच्या भाषेविषयी फार कमी. ज्या राजदरबारातून आपल्याला हाकलले जाईल किंवा मारले जाईल, त्या दरबाराची भाषा मन लावून शिकणे आणि तिथल्या माणसांशी त्यांच्याच शब्दांत बोलणे, ही सुवार्ताकार्याची केवढी मोठी बाजू आहे! याच २६ जणांतल्या, येशूसंघाच्या पाउलो मिकीनेही क्रूसावरून जे शेवटचे प्रवचन केले ते आपल्याच लोकांच्या भाषेत. मी जपानी आहे, सुवार्ता सांगितली एवढ्यासाठीच मरतो आहे, आणि मला मारणाऱ्यांना क्षमा करतो, असा त्याचा आशय होता.

संग्रहालयात झेवियर यांनी पोर्तुगालच्या राजाला लिहिलेले पत्र आहे. ते महत्त्वाचे आहेच, पण मला खरे खिळवून ठेवले ते छुप्या ख्रिस्ती लोकांशी संबंधित वस्तूंनी, त्यातही मारिया कान्नोनच्या मूर्तींनी. कान्नोन म्हणजे आपल्या कान्हेरीच्या लेण्यांत दिसणाऱ्या अवलोकितेश्वराचे जपानी रूप. १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आल्यानंतर लपून श्रद्धा जपणारी ख्रिस्ती कुटुंबे घरात ही मूर्ती ठेवत आणि तिच्यासमोर मरियेची प्रार्थना करत. दुसरीकडे दरवर्षी त्यांना ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नसल्याचे सिद्ध करावे लागे. ज्यांनी पाय ठेवला आणि घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना केली, त्यांना मी अविश्वासू म्हणू शकत नाही. कारण त्यांनीच धर्मगुरूंशिवाय, चर्चशिवाय, अडीचशे वर्षे बाप्तिस्मा आणि सणांची दिनदर्शिका पिढ्यान् पिढ्या सांभाळली. हुतात्म्यांच्या शेजारी त्यांनाही जागा मिळालेली पाहून मला मनापासून समाधान वाटले.

मी गेले तेव्हा प्रवेशशुल्क ५०० येन होते आणि वेळ सकाळी नऊ ते सायंकाळी पाच अशी होती. शेजारीच या २६ जणांतल्या मेक्सिकोच्या संत फेलिपेच्या नावाचे चर्च आहे. त्याचे फुटक्या चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवलेले दोन मनोरे अवश्य पाहावेत.

वेळ असेल तर ट्रामने ओउरा चर्चला जावे. तेही याच २६ हुतात्म्यांना अर्पण केलेले आहे आणि त्याचे तोंड निशिझाकाकडे आहे. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही छुपे ख्रिस्ती लोक तिथे आले आणि त्यांच्यातल्या एका स्त्रीने तिथले फ्रेंच धर्मगुरू फादर पेतिजाँ यांना हळूच सांगितले की आमचे आणि तुमचे अंतःकरण एकच आहे, आणि मग विचारले की सांता मारियाची मूर्ती कुठे आहे. त्यानंतर काही वर्षांतच उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार करण्यात आले, आणि १८७३ मध्ये बंदी उठल्यावरच ते घरी परतू शकले.

ओउरा आधी करावे आणि टेकडी संध्याकाळसाठी ठेवावी, असे मी सुचवेन. संग्रहालय पाचला बंद होते, पण स्मारक उघड्या उद्यानात आहे आणि तिथे कोणी घाई करत नाही. गोन्सालो ओळीच्या मध्याजवळ, फेलिपेच्या शेजारी आहेत. त्यांच्यासमोर मी ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ आधी मराठीत म्हटले आणि नंतर कादोडी या आमच्या वसईच्या बोलीत, आजी म्हणायची तसे.