ग्राफीनची क्वांटम हॉल चिप: डीसीला चोख, एसीला अटी लागू

क्वांटम हॉल चिप जोरदार चुंबकक्षेत्रात आणि अतिथंडीत अचूक ठरलेला विद्युतरोध देते; रोधाचं प्रमाण म्हणून ती वापरतात. सिलिकॉन कार्बाइडवर वाढवलेल्या ग्राफीनची (एका अणूच्या जाडीचा कार्बनचा थर) चिप गॅलियम आर्सेनाइडपेक्षा सोयीची, यात वाद नाही. या जुन्या गॅलियम आर्सेनाइड चिपला साधारण 10 टेस्लाचं चुंबकक्षेत्र लागतं आणि तापमान 1.5 केल्विनच्या खाली न्यावं लागतं. ग्राफीन 5 टेस्ला, 4.2 केल्विनवर 12906.4037 ओहम देतं. करंटही जास्त झेपतो.

खरी परीक्षा किलोहर्ट्झमध्ये, म्हणजे एसी करंटवर. चिपच्या कडा आणि आजूबाजूचा धातू यांच्यात धारिता तयार होते, तिच्यातून लॉस करंट गळतो आणि सपाट पठार (चुंबकक्षेत्र बदललं तरी रोध स्थिर राहतो तो पट्टा) वाकतं. म्हणून खाली सोन्याचा मुलामा असलेलं पॅकेज एसीसाठी घेऊ नका; स्वस्तात मिळालं तरी. दुहेरी शील्ड लावून तिचं व्होल्टेज जुळवलं की हा दोष बराचसा कटतो. तारांचा आणि संपर्कांचा रोध ही वेगळी अडचण. त्यासाठी तिहेरी जोडणी करा, म्हणजे चिपच्या प्रत्येक बाजूची तीन-तीन टोकं एकत्र जोडा.

चिप थंड केल्यावर आधी संपर्करोध (धातूचं पॅड आणि ग्राफीन यांच्या सांध्याचा रोध) तीन टोकांनी तपासा. एखाद्या पॅडवर तो काही ओहमच्या वर गेला, तर ते पॅड सोडा. मग अनुदिश रोध (करंटच्या दिशेतला रोध) शून्याजवळ आहे का पाहा. हवेतल्या ओलाव्याने डोपिंग (ग्राफीनमधल्या विद्युतवाहकांचं प्रमाण) सरकतं, आणि त्याबरोबर पठार कुठल्या टेस्लावर सुरू होतं तेही. चिप कोरड्या नायट्रोजनमध्येच ठेवा.

बाहेरच्या चुंबकाविना हाच ठरलेला रोध देणारे चुंबकीय टोपोलॉजिकल इन्सुलेटर (आत विद्युतरोधक, कडेने वाहक असे पदार्थ)? मोहक आहेत, पण अजून मिलीकेल्विन आणि अगदी तुटपुंजा करंट मागतात. रोजच्या कॅलिब्रेशनला सध्या ग्राफीनच घ्यावं.