हाजी अली दर्गा: जाण्याआधी तिथी बघा

वरळीच्या किनाऱ्यापासून आत, खडकावर पीर हाजी अली शाह बुखारी यांची समाधी आहे. दर्गा 1431चा मानतात. आपलं कफन समुद्रात सोडावं अशी त्यांची इच्छा होती आणि ते याच खडकाला येऊन लागलं, अशी आख्यायिका आहे. आजही इथे कधी जाता येईल ते समुद्रच ठरवतो. जवळपास अर्धा किलोमीटरची वाट भरतीत पाण्याखाली जाते, आणि नुसती दर्गा उघडा असण्याची वेळ बघून आलेले भाविक काठावर ताटकळतात.

किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा आणि कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब इथे फार उपयोगी पडतो. तिथीला तीनने गुणा, चारने भागा. येणारा आकडा म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाला. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं. पुनवेला उत्तर सव्वाअकरा येतं, प्रत्यक्षात बारा वाजतात. तेव्हा पाऊण तासाची सूट धराच. तिथीचा क्षय किंवा वृद्धी असेल, म्हणजे तिथी गळली किंवा दोन दिवस आली, तर चूक वाढते. त्या दिवशी छापील भरतीचं वेळापत्रकच बघावं.

ओहोटीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन तास सर्वांत निर्धास्त. पुनव-अवसेला उधाण असतं, तेव्हा सकाळी आठच्या आत परत फिरा किंवा दुपारी चारनंतर जा. अष्टमी-नवमीला भांगाची भरती, पाणी कमी चढतं आणि ओहोटीही ऐन दुपारी येते. म्हाताऱ्या माणसांना न्यायला हेच दिवस चांगले. पावसाळ्यात दिवसाचं उधाण मोठं असतं, हिवाळ्यात रात्रीचं. जून ते ऑगस्टमध्ये वाऱ्यामुळे लाटा वेळेआधीच वाटेवर येतात, तेव्हा गणितावर विसंबू नये. आत असताना पाणी चढलं तर तिथेच थांबा. घोटाभर पाण्यातूनही चालू नका: शेवाळावर पाय सरकतो, लाट बाजूने येते आणि धरायला कठडा नाही.

वाटेवर फेरीवाले आणि याचक पुष्कळ. चादर-फुलं घ्यायलाच हवीत असं नाही. कुणी फारच गळ घातली तर पुढे चालावं. डोकं झाकायला रुमाल आणि चपलांसाठी पिशवी जवळ ठेवा. 2012च्या सुमारास स्त्रियांना गाभाऱ्यात जाणं बंद केलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2016च्या निकालानंतर ते पुन्हा खुलं झालं. गाभाऱ्यात घाईने नमस्कार करून निघू नका. खांबांवर रंगीत काचांमध्ये अल्लाहची 99 नावं लिहिली आहेत, ती मान वर करून सावकाश बघण्यासारखी आहेत.

गुरुवार-शुक्रवारी गर्दी उसळते, पण कव्वाली ऐकायची तर शुक्रवारच गाठावा लागतो. उत्तम शुक्रवार म्हणजे ज्याची तिथी अष्टमीच्या आसपास येते. कॅलेंडरवर तो आधीच खूण करून ठेवावा.